धुक्यातली चिंच

लोणावळ्यात डोंगर दाखवणारे पुष्कळ होते, पण न दिसणारा डोंगर दाखवावा तो आबांनीच. महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. उघडीप पडली की आबा घरी घोंगडीवर पडून राहत. "ऊन असल्यावर म्या कशाला? डोंगर सोताच दिसतोय की," असं म्हणत. पण श्रावणात धुकं असं दाटलं की आपलाच हात आपल्याला दिसू नये, तेव्हा डोक्यावर इरलं, हातात काठी आणि स्वारी बाजारपेठेत हजर. हवा खायला आलेल्या पाहुण्यांना गाठून ते कड्यावर नेत, समोरच्या पांढऱ्या पडद्यावर काठी रोखत आणि सांगत, "ह्यो तुंग. ह्यो तिकोना. त्या अंगाला लोहगड, त्याची विंचूकाट्याची सोंड बघा कशी लांब गेलीया." कोणी कुरकुरलंच तर आबांना त्याची कीव येई. "दिसत न्हाई म्हून त्यो गावाला गेला व्हय?"

मुंबईच्या एका वकीलसाहेबांनी तर मोठा कॅमेरा तीन पायांवर उभा करून धुक्याचा फोटो काढला. पुढच्या वर्षी ते फोटो घेऊन आले, त्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर आबांना विचारून गडांची नावं लिहिली, आणि आबा गंभीरपणे म्हणाले, "तिकोना वाईच डावीकडं सरकवा." वकीलसाहेबांनी रबरानं खोडून खरंच सरकवला.

मी तेव्हा इंदूरला मास्तर. आईची प्रकृती फार खालावली, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून हवापालटासाठी तिला इथं आणलं. तिचं माहेर पवनेकाठी, तुंगाच्या पायथ्याशी. लहानपणीच लग्न होऊन ती इंदूरला गेली, ती परत आलीच नव्हती. माहेरचं कोणी उरलंही नव्हतं. "लांबून का होईना, एकदा गाव दाखव," एवढंच तिचं मागणं. पावसाळ्यात खाली उतरणं तिला झेपणार नव्हतं, म्हणून पंधरा दिवस आम्ही उघडीप पडायची वाट पाहिली. धुकं काही हललं नाही. दुसऱ्या दिवशीची आमची गाडी ठरलेली होती आणि पुढच्या वर्षीचा भरवसा डॉक्टरांनी दिला नव्हता. शेवटी डोली केली, आबांना बोलावून आईचं गाव सांगितलं आणि कड्यावर गेलो.

आबांनी काठी रोखली. "आक्का, ह्यो तुंग. त्याच्या पायाला पवना. ती वळती तितं तुमचं गाव. ह्ये देऊळ, देवळाम्होरं उंबर."

"उंबर न्हाई भाऊ," आई म्हणाली, "चिंच हाय. लय मोटी."

आईच्या तोंडचं ते 'न्हाई' आणि 'हाय' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. इंदूरला चाळीस वर्षं तिनं ते कुठं दडवून ठेवलं होतं कोण जाणे. आबांनी बोलायला तोंड उघडलं आणि, काय नवल, तसंच मिटलं. "व्हय आक्का, चिंच. म्या चुकलो," असं म्हणून त्यांनी काठी खाली घेतली. मग आईच सांगत सुटली. चिंचेला बांधलेला झोका, पलीकडची ओटी, नदीवर घासलेली भांडी. तासभर ती गाव दाखवत होती आणि आम्ही सगळे, डोलीवालेसुद्धा, धुक्यात डोळे ताणून बघत होतो. परतताना ती म्हणाली, "पोटभर बघितलं."

दिवाळीनंतर आई गेली.

दोन वर्षांनी मी हिवाळ्यात आलो आणि आईच्या गावी उतरलो. देवळापुढं उंबर होता. चिंच फार वर्षांपूर्वी वादळात पडली, त्यानंतर लोकांनी उंबर लावला, असं पुजाऱ्यानं सांगितलं. वर येऊन मी आबांना गाठलं.

"मला ठावं हुतं मास्तर," ते घोंगडी झटकत म्हणाले. "माजी भैन त्याच गावात दिलीया."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"त्यांची चिंच उभी हुती की. ती म्या कशाला पाडू?"

माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत, पण याच्याइतका मोठा एकही नाही, आणि तो फेडायचा राहूनच गेला. आबा आता नाहीत. मी मात्र पुढं इथंच मास्तरकी धरून राहिलो. श्रावणात मुलांना घेऊन मी कड्यावर जातो, काठी रोखतो आणि देवळापुढची चिंच दाखवतो. उघडीप असली तर आम्ही घरीच बसतो.