मध्ये माणसं असतात

नीना पावलोव्ना, म्हणजे माझी विहीण, पायरीच्या मधून कधी चालली नाही. मरीन परेडला आमच्या कॉन्डोकडून समुद्राकडे जायला मोठ्या रस्त्याच्या खालून वाट आहे. तिच्या पायऱ्या चांगल्या ऐसपैस, चार माणसं हातात हात घालून उतरतील अशा. पण ही बाई भिंतीला खांदा घासत, अगदी काठानं उतरायची. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. म्हटलं, "विहीणबाई, जरा मधून चला की. कपडे मळतात."

"मध्ये माणसं असतात," ती म्हणाली.

पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं.

आता हे कोण, कुठलं, ते सांगते. माझ्या मुलानं रशियन मुलीशी लग्न केलं, लेनाशी. लेनाचे वडील गेल्यावर तिची आई इथं राहायला आली आणि आम्हा दोघी म्हाताऱ्यांना मिळून एक खोली मिळाली. ती तिकडे एका लहानशा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, पुढे तिथलीच मुख्याध्यापिका झाली. आणि मी चौथीत शाळा सुटलेली. माझं इंग्रजी टीव्हीवरून आणि हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांमधल्या, चहावाल्याशी घासाघीस करून आलेलं. पहिल्याच आठवड्यात तिनं निकाल दिला, "तुमचं इंग्रजी म्हणजे सूपसाठी चिरलेली भाजी. तुकडे सगळे आहेत, सूप नाही."

मी म्हटलं, "तुमचं सूप प्यायलेय मी. माझे तुकडेच बरे."

हसली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर फिरायला यायला लागली.

जिभेला तिच्या दया अशी नव्हतीच. आमच्या मीरानं, नातीनं, एकदा हौसेनं घराचं चित्र काढून दाखवलं. ही म्हणाली, "छान. कोंबड्या कुठून आत जाणार?" पोर ओक्साबोक्शी रडली. "आजी, शी सो मीन लाह!" म्हणून माझ्या कुशीत शिरली. मी विहिणीवर डोळे वटारले, तर ही शांतपणे चहा ढवळत होती. "रडू दे. रडलेलं लक्षात राहतं." हे तिचं ठेवणीतलं वाक्य.

एके दिवशी माझा पाय खाली पडलेल्या वर्तमानपत्राला लागला. आपली सवय, मी वाकून हात लावला आणि कपाळाला नेला. ती बघत होती.

"वर्तमानपत्राची माफी मागता?"

"पाय लागला ना."

"सोपं आहे. ते उत्तर देत नाही."

मग जरा वेळानं, मी काही न विचारता, तिनं आपल्या शाळेचं सांगायला घेतलं. लाल विटांची दुमजली इमारत. एका पिठाच्या व्यापाऱ्यानं मुलींच्या शाळेसाठी बांधली. पुढं राज्य बदललं, व्यापाऱ्याला त्याच दारातून नेलं, तो परत आला नाही. मग सरकारी कचेरी, लढाईत दवाखाना, मग परत शाळा. कवायतीच्या खोलीत मेलेले सैनिक ओळीनं ठेवायचे, त्याच खोलीत पुढं ही दोरीवरच्या उड्या शिकली. हे सगळं ती अशी सांगे की जणू बाजारात वांगी काय भावानं मिळाली ते सांगतेय.

शाळेच्या पायऱ्यांचा विषय आला तसा मात्र तिचा आवाज खाली आला. गावातलं चर्च पाडलं, तेव्हा तिथल्या कबरींचे दगड आणून शाळेच्या पायऱ्यांना पालथे बसवले होते. तिच्या आजोबांचा दगडही त्यांत गेला. तिची आई त्या शाळेत झाडलोट करायची. दगड बसवताना तिनं समोरच्या खिडकीतून बघितलं, तिच्या बापाचा तिसऱ्या पायरीत गेला, मधोमध. बोलायची सोय नव्हती, बोललं तर आईलाही नेलं असतं. आई रोज पायऱ्या घासायची, ती काठाला गुडघे टेकून, म्हणजे बापावर गुडघा नको. लेकीला तेवढंच सांगितलं, काठानं चाल.

"आणि तुमच्या शाळेतली मुलं?" मी विचारलं.

"सगळी काठानं. कारण नाही सांगितलं, नियम सांगितला. एक मुलगी मधून पळत आली. भर थंडीत तिला पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या. काठानं, मधली सुट्टी होईपर्यंत. रडली." मग चहाचा घोट घेऊन, "पण परत कधी मधून आली नाही."

मला त्या पोरीची दया आली, तसं मी बोललेही. ती म्हणाली, "माझ्या आजोबांची कुणाला आली होती?"

पुढं कळलं, शाळा पाडायची ठरलीय. इमारतीला भेगा गेल्या होत्या. मला वाटलं ही कोसळेल, तर ही खुलली! पाडायच्या कामावर तिचाच एक जुना विद्यार्थी होता, साशा. त्याला तिनं एकच काम सांगितलं. तिसरी पायरी निघेल तेव्हा मधला दगड उलटा करून मला दाखव, आणि मग माझ्या आईच्या कबरीशेजारी नेऊन उभा कर. बाप-लेक शेजारी यावेत, एवढंच मागणं होतं तिचं. त्या दिवशी तिनं ठेवणीतला निळा झगा घातला, केस बांधले, आणि दुपारी टॅबलेट टेकवून आम्ही तिघी बसलो. लेना मला मराठीत सांगत होती.

मधला दगड उलटला. कोरा. साधा फरशीचा दगड.

"थांबा बाई, पुढचा बघतो," साशा म्हणाला. भिंतीकडचा, काठाचा दगड उलटला. माती झाडली. अक्षरं कालच कोरल्यासारखी होती. पालथी होती ना, कुणाचा पाय लागलाच नव्हता त्यांना. नाव तिच्या आजोबांचं.

साशाला बिचाऱ्याला आनंद झाला. तो ओरडून काहीतरी म्हणाला आणि लेना गप्प झाली. मी तिला कोपरानं ढोसलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तो म्हणतोय, बघा बाई, आम्ही सगळे इथूनच तर चाललो! तुम्हीच चालवलंत!"

नीना पावलोव्ना स्क्रीनकडे बघत राहिली. मी म्हटलं, "विहीणबाई, नमस्कार करा."

"हे वर्तमानपत्र नाही," ती म्हणाली.

साशानं विचारलं, आईशेजारी कधी बसवू? ती म्हणाली, "नको. आईला कळेल." आणि हात पुढं करून टॅबलेट पालथा घातला. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारख्या निघालो. पायऱ्यांशी आल्यावर ती थांबली. एक पाय काठाकडे गेला, मागं आला. मग मध्याकडे गेला, तोही मागं आला. मागून लोक यायला लागले. मी तिचा दंड धरला. म्हटलं, "चला हो मधून. इथं कुणी नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं.

"उलटून बघितलंय तुम्ही?"

आणि घराकडे वळली. पुढं वर्षभर होती ती आमच्यात. खिडकीतून रस्त्यापलीकडचा समुद्र दिसायचा, तेवढाच.