फिक्या 'ए'चा दोष

लढाईच्या दिवसांत जबलपूरच्या एका कारखान्यात मी कचेरीतले टाइपरायटर दुरुस्त करत असे. दोष शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता आणि मला त्याची घमेंडही होती. रीत साधी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे लपलाय ते कळतं.

एकदा सुट्या भागांच्या मागणीपत्रांवर इंग्रजी 'ए' फिका उमटू लागला. कार्बनच्या पाचव्या प्रतीवर तर तो दिसेचना, आणि त्या प्रतीवरून भांडारातून भलताच माल आला. साहेब भडकले. ती पत्रं टाइप करत एक मराठी काका. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, राहायला कारखान्याचं क्वार्टर, घरात अंथरुणाला खिळलेली बायको.

मी अक्षराचा ठसा घासला, रिबन बदलली, स्प्रिंग बदलली. माझ्या बोटाखाली 'ए' ठसठशीत, काकांच्या बोटाखाली फिका. शेवटी काकांना शेजारच्या यंत्रावर बसवलं. तिथेही तेच.

"घे, हेही बिघडलं!" काका म्हणाले.

'ए' डाव्या करंगळीने मारतात. काकांच्या करंगळीत जोर उरला नव्हता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

साहेबांनी बोलावून विचारलं, "साफ बताओ, खराबी मशीन में है या आदमी में?"

आदमी म्हटलं असतं तर महिन्याभरात काका घरी आणि क्वार्टर खाली. मी म्हणालो, "मशीन में." विकतचं दुखणं घेतलं ते असं.

मग दर शनिवारी ते धडधाकट यंत्र उघडायचं, पुसायचं, बंद करायचं आणि वहीत एक नवा दोष रचून लिहायचा. रोज पाचव्या प्रतींवरचे 'ए' काकांच्या नकळत पेनाने गिरवायचे. लढाई संपली. शहरातल्या गोहलपुरात एका मित्राबरोबर दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरलं होतं, तो रोज विचारायचा, "काहून येऊन नाही राहिला बे?" काय सांगणार? माझ्या जागी येणारा मिस्त्री तासाभरात करंगळीपर्यंत पोचला असता. मी दुसऱ्याच्या बोटात अडकून पडलो होतो आणि रात्रंदिवस चिडत होतो.

त्यात काकांनीच माझी तक्रार केली. साहेबांनी दोघांनाही समोर उभं केलं.

"साहब, साल भर से खोल रहा है," काका म्हणाले. "इसको काम नहीं आता."

साहेब माझ्याकडे वळले. "दूसरा मिस्त्री बुला लें?"

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर मी सुटलो असतो. काका छाती काढून उभे होते, डावा हात टेबलावर टेकवून.

मी हात जोडले. "एक मौका और दीजिए, साहब. मुझसे ही गलती हो रही है."

बाहेर आल्यावर काकांना माझी दया आली असावी. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून नको घेऊ रे. हात बसाले वेळ लागते."

"हो, काका," मी म्हणालो.