सुगनाने मांडलेले ठोकळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं. मध्येमध्ये अडखळेन.

माझं काम मुलांची बुद्धी मोजण्याचं. मूल समोर बसतं, मी पेटी उघडते, प्रश्न विचारते, लाल-पांढरे ठोकळे मांडायला लावते, हातात घड्याळ धरते — आणि शेवटी एक आकडा लिहिते. यवतमाळ जिल्ह्यात हे काम करणारे आम्ही मोजकेच. लोक मला मान देतात. माझं मराठी इतकं पुस्तकी आहे की मी कुठली हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर दिग्रसची म्हणते. तेही खोटं नाही. दिग्रसजवळच्या तांड्यातली — एवढं गाळते.

आम्ही बंजारा. घरात गोरबोली; मराठी मी शाळेत गेल्यावर शिकले. आडनाव असं, की कुणाचंही असू शकतं. कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने माझी जात परस्पर ठरवून टाकली आणि मी मान हलवली. ती मान मग हलतच राहिली. नोकरी लागल्यावर डबा खाताना कुणी तांड्यावरच्या लोकांची नक्कल केली, तर मीही हसले आहे. चांगली खळखळून.

पण कबूल करायचंय ते हे नाही. म्हणजे, हेही आहे. पण हे त्यामानाने सोपं आहे.

सोळा वर्षं झाली. ढाणकीच्या पलीकडे एका निवासी शाळेत तपासणीसाठी गेले होते. तिथे सुगना आली — नाव बदललंय. नऊ वर्षांची, चौथीतली. मुख्याध्यापक तिच्यादेखतच म्हणाले, "म्याडम, हे पोट्टी चार साल झाले तोंडच उघडत नाही. मंद हाय. तुमी लिहून द्या, आमी तिले मतिमंदाच्या शाळेत पाठवून देतो." ती शाळा अमरावतीला. तिचा बाप दाराबाहेर उभा होता. एवढ्या दूर तो पोरीला ठेवणार नव्हता, घरीच नेणार होता. मी आत जाताना हळूच म्हणाला, "बाई, तिले पाचवीत जायचं हाय. भेटाले आलो का हेच सांगते." माझ्या आकड्यावर एवढंच अवलंबून होतं. एका मुलीची पाचवी.

मी प्रश्न सुरू केले. घंटी वाजली तर काय करशील? "जेवाले जाईन," ती म्हणाली. पेटीतल्या पुस्तकाला उत्तर हवं होतं, दार उघडीन. मी शून्य लिहिलं. तिच्या घराच्या दाराला घंटी कुठली? तिच्या जगात घंटी वाजली की ताट-वाटी घेऊन रांगेत उभं राहायचं असतं, आणि ती बरोबर तिथेच गेली असती. एक-दोन शब्दांत उत्तर, मग गप्प. असं बरंच झालं.

मग ठोकळे. चित्र समोर ठेवलं, म्हटलं, असंच कर. तिने ठोकळे ओढले आणि — काय सांगू — तिचे हात! एवढ्या वर्षांत तसे हात मी पाहिले नाहीत. कुठे चाचपडणं नाही, थांबणं नाही. पण चित्र उलटं. डावीकडचं उजवीकडे. शून्य. दुसरं, तेही उलटं. तिसऱ्या चित्राला माझ्या हातातलं घड्याळ जड झालं.

कारण मला कळलं होतं. आमच्याकडे काचोळी भरतात — बायकांची चोळी, आरशांची, रंगीत टाक्यांची. आजी एक तुकडा भरून पोरीपुढे ठेवते. पोरीने तसाच्या तसा करायचा नसतो. त्याच्याकडे तोंड करून बसणारा, त्याचा जोडीदार करायचा असतो. नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतील. मी पहिल्यांदा तसाच्या तसा केला, तेव्हा माझ्या आजीने मुकाट्याने सगळे टाके उसवले होते. सुगना नमुना बघून त्याचा जोड मांडत होती. मनातल्या मनात उलटवून, आणि घड्याळाच्या आत. तुम्ही करून बघा कधी. मला आजही जमत नाही.

तिसरं झाल्यावर तिने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यात तिला काय दिसलं कोण जाणे. मला "याडी" म्हणाली — आमच्यात आईला म्हणतात — आणि गोरबोलीत विचारलं, जोड नीट बसला का गं?

एवढंच. 'नीट बसला, पण इथे तस्साच करायचाय' — माझ्या आईच्या भाषेत चार शब्द पुरले असते. मुख्याध्यापक शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे वळले आणि विचारलं, "काय म्हणतेय ही?"

"काय का, म्याडम. त्यायचीच भाषा."

मी कागदावर लिहिलं — असंबद्ध बोलते.

कबूल करायचं होतं ते हे.

रविवारी सकाळी घरी बसून मी तिचे ठोकळे पुन्हा मोजले. जोड बरोबर धरले, घंटीचं उत्तर बरोबर धरलं. आकडा चांगला वीसने वर गेला — पाचवीत सहज बसेल असा. मूल तेच, दुपार तीच, ठोकळे तेच. आम्ही या आकड्याला वजनाच्या काट्यासारखं मानतो, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात बसून वीसने हलला. मी तो कागद फाडला. वरचा आकडा दिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला हे कसं कळलं? सोमवारी खालचा आकडा पाठवला. बाप तिला घेऊन गेला.

पेटी दूरच्या शहरात, दुसऱ्याच मुलांसाठी बनली होती, हे खरं आहे. यावर मी भाषणंही दिली आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. पण पेटीला गोरबोली येत नव्हती. मला येत होती.

या हिवाळ्यात ढाणकीच्या बाजारात ती दिसली. भरतकामाच्या पिशव्या मांडून बसलेली, तीन बायका हाताखाली. कापडावर रेघ नाही, कागद नाही. ती बोलता बोलता सांगत होती, कुठून सुरू करायचं, कोपऱ्यावर नक्षी कशी वळवायची, आणि चारी कोपरे बिनचूक जुळत होते. मी बघतच राहिले. तिनेच ओळखलं. "तुमी ठोकळेवाल्या बाई न?" मला समजावं म्हणून सावकाश मराठीत बोलत होती. शेजारी तिची पाच वर्षांची मुलगी. "पोरगी हुशार हाय, ताई. बापावर गेली. माह्यावर नाही गेली, बरं झालं."

मी म्हटलं, छान आहे मुलगी.

मग तिने त्या तिघींना गोरबोलीत सांगितलं — ही बाई फार शिकलेली आहे, माझं डोकं कमी आहे हे हिनेच ओळखलं होतं. कौतुकाने सांगत होती.

मला शब्द न् शब्द कळला. मी हसले, आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.