नैरोबीच्या शाळेचा परवाना

माझ्या वडिलांना नैरोबीला, तिथल्या रेल्वेच्या कारखान्यात, करारावर फिटरची नोकरी लागली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. एका खोलीत आई, बाबा, मी, माझा धाकटा भाऊ आणि बाबांची थोरली बहीण. आत्या विधवा होती, लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला होती. घरी आली की तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे.

बाबा लढाईच्या काळात फौजेच्या वर्कशॉपात काम शिकले आणि मग परळच्या रेल्वे वर्कशॉपात लागले. तिथला एक गोरा साहेब आफ्रिकेत गेला. त्याने दोन-तीन वर्षांनी बाबांना बोलावून घेतलं. आम्ही सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्यानंतर काही महिन्यांतलीच ही गोष्ट. भिंतीवरचे जुने देव उतरवले होते आणि त्यांच्या जागी चुन्याचे पांढरे चौकोन राहिले होते.

गोदीवर बाबा मला म्हणाले, "शाळा चुकवू नको. तिकडं चांगली शाळा असेल ती मी आधी बघून ठेवतो. मग तुम्हाला बोलावतो."

त्यांनी खरंच शाळा बघितली. प्रत्येक पत्रात ती असायची. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्रं मी मोठ्यानं वाचून दाखवायची. कारखान्याच्या वाटेवर ती शाळा होती. हिंदुस्थानी लोकांच्या मुलींची, दगडी, पुढे जांभळ्या फुलांची झाडं. मुली निळा झगा घालतात, पायात बूट असतात. बाबा लिहायचे, "आज फाटकाशी तुझ्याएवढी एक मुलगी दिसली. तिला हाक मारणार होतो." हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं आणि नंतर कितीतरी वेळा एकटीनं वाचलं. कुणा परक्या मुलीला बाबा हाक मारणार होते, आणि ती मी नव्हते.

वर्षभरानं बाबांना राहायला क्वार्टर मिळालं. मग त्यांनी परवान्यांची माहिती लिहून पाठवली. आई आणि भाऊ यांना नोकरी करणाऱ्याचं कुटुंब म्हणून परवाना मिळणार होता. मी शाळेच्या वयाची, म्हणून मला शिकणाऱ्या मुलांचा वेगळा परवाना काढावा लागणार होता. त्यासाठी तिथल्या शाळेनं जागा आहे असं लिहून द्यायचं, बाबांनी फीची हमी द्यायची, इथून शाळेचा आणि जन्माचा दाखला जायचा. शिवाय देवीची लस आणि पिवळ्या तापाची लस. सगळ्या कागदांवरचा मजकूर एकसारखा हवा, असं बाबांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं.

आणि इंग्रजी यायला हवं होतं. आमच्या परळच्या मराठी शाळेत इंग्रजी फार उशिरा सुरू व्हायचं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, गिरगावात राहायच्या. जुन्या, सुखवस्तू घरातल्या होत्या. पांढरं पातळ, हातात छत्री, बोलणं एकदम शुद्ध. त्यांची आम्हाला भीती वाटायची. आईनं त्यांना सगळं सांगितल्यावर त्या मला म्हणाल्या, "उद्यापासून मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या खोलीत यायचं. खाता खाता शिकू." त्या शिकवायच्या आणि मी भाकरीचा घास तोंडात ठेवून म्हणायची, "धिस इज माय स्कूल." माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा ती दगडी शाळा असायची. बाईंना हे कळत होतं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मला परळची शाळा म्हण असं कधी सांगितलं नाही.

कागद गोळा झाल्यावर आई आणि मी ट्रामनं फोर्टात परवान्याच्या कचेरीत गेलो. टेबलामागचे कारकून चष्मा कपाळावर सारून बराच वेळ वाचत राहिले.

"बाई, हे जुळत नाही."

"काय जुळत न्हाई, साहेब?"

"मुलीच्या वडिलांनी तिकडून जो अर्ज भरलाय त्यात धर्म बौद्ध. शाळेच्या दाखल्यात हिंदू, आणि पुढे जात. मुलगी तर एकच आहे ना?"

आई म्हणाली, "पोरीला शाळेत घातली तवा आम्ही हिंदू होतो. गावच्या शाळेतनं तेच इथं उतरलं. आता आम्ही दीक्षा घेतलीय."

"ते मला समजतं हो. कागदाला कसं समजणार?" त्यांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. "सोपं सांगतो. यजमानांना कळवा, अर्ज नव्यानं भरा, धर्म हिंदू लिहा. दोन-तीन महिन्यांत परवाना हातात येईल. तिकडे आफ्रिकेत कोण विचारायला बसलंय?"

आईनं कागद उचलले, सारखे केले आणि पिशवीत ठेवले. परतीच्या ट्राममध्ये ती खिडकीशी बसली होती. भायखळा मागे पडलं. मला राहवेना.

"आई, लिहू या ना हिंदू. काय होतंय? बाबा वाट बघतायत."

ती बाहेरच बघत होती. "गावच्या शाळेत तुझं नाव घालाया मी गेले होते. मास्तरनं सगळ्यांपुढं मोठ्यानं जात विचारली. मी पण मोठ्यानं सांगितली. सांगून झाल्यावर तुला कुठं बसवायचं ते त्यांनी हातानं दाखवलं. आता परत न्हाई सांगायची मी."

मला तेव्हा तिचा राग आला. एवढ्या एका शब्दासाठी समुद्र अडून बसावा, हे मला कळत नव्हतं. बाबांचंही काही आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनीही अर्ज बदलायला नकार दिला होता. दाखला बदलून घ्या, उशीर झाला तरी चालेल, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या पत्रात शाळेबद्दल काही नव्हतं.

मोठ्या बाईंनी रजिस्टर काढलं. "मला खोडता येणार नाही," त्या आईला म्हणाल्या. "प्रतिज्ञापत्र करून आणा, मी वर शिक्षण खात्याला लिहिते. अशी मागणी माझ्याकडे अजून कुणी केली नव्हती, त्यामुळे वेळ लागेल." मग रजिस्टर मिटत म्हणाल्या, "पण मी लिहिते, अगदी नक्की."

प्रतिज्ञापत्रासाठी निघालो तो दिवस नेमका हरताळाचा निघाला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं तेव्हा आमचा सगळा भाग पेटलेला होता. चाळीतून सकाळी प्रभातफेऱ्या निघायच्या, गिरणीच्या दारावर सभा व्हायच्या. ट्राम बंद होती, तरी आई मला घेऊन चालत निघाली. लालबागला पोचलो तर दुकानांच्या फळ्या लागलेल्या. कोर्टही बंद आहे, असं कुणीतरी सांगितलं. समोरून बायकांचा मोर्चा आला आणि त्यात पुढेच आत्या, घोषणा देऊन आवाज बसलेला, पदर कमरेला खोचलेला.

ती रांग सोडून आमच्याकडे आली. "इकडं कुठं दोघी?"

"कोर्टात चाललो होतो. बंद हाय म्हणे."

"आज सगळंच बंद. आम्हीच बंद केलंय," आत्या हसत म्हणाली.

आई एकदम भडकली. तिला थोरल्या नणंदेशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुमच्या महाराष्ट्रापायी माझ्या पोरीचा परवाना अडलाय, आक्का!"

"अगं, आपलं राज्य आलं तर पोरीला हितंच चांगली शाळा मिळंल."

"शाळा मिळंल. बाप कुठनं मिळंल?"

आत्याचं हसू गेलं. मोर्चा पुढे सरकत होता, बायका तिला हाका मारत होत्या. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती परत रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिनंच गिरणीत रजा टाकली आणि आम्हाला कोर्टात नेलं.

प्रतिज्ञापत्र झालं, बाईंचा अर्ज वर गेला आणि तिथेच राहिला. इकडे आई आणि भावाचा परवाना येऊन पडला होता. त्याला मुदत होती. बाबांचं पत्र आलं, ते नेहमीसारखं मीच वाचायला घेतलं. "तू आणि धाकटा या बोटीनं निघून या," असं वाचलं आणि पुढची ओळ डोळ्यांना आधीच दिसली. "मोठीला आक्काजवळ ठेव. तिचे कागद आले की कुणा ओळखीच्या कुटुंबाबरोबर तिला बोलावून घेऊ." मी ते न अडखळता वाचलं. आवाज शाळेत धडा वाचताना असतो तसा काढला.

आई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं नाही. चुलीपाशी गेली आणि आधीच घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

निघायच्या सकाळी तिनं माझी वेणी घातली, इतकी घट्ट की कपाळ ताणलं गेलं. गोदीवर भाऊ मला विचारत होता, "ताई, तू नंतरच्या बोटीनं येणार?" मी हो म्हटलं. बोट सुटायला फार वेळ लागला. कठड्याशी उभी असलेली आई हात हलवत नव्हती, नुसती बघत होती. घरी आल्यावर आत्या म्हणाली, ये, केस मोकळे करून देते. मी नको म्हटलं. ती वेणी मी कितीतरी दिवस सोडली नाही. शेवटी आत्यानंच मी झोपेत असताना सोडली.

आम्ही दोघीच उरलो. आत्या पहाटे गिरणीत जायची, जाताना माझी भाकरी झाकून ठेवायची. खोली मोठी वाटायची. आईच्या एका जुन्या पातळाची आत्यानं मला गोधडी शिवून दिली. आलेली पत्रं मीच वाचायची आणि उत्तरंही आता मीच लिहायची. मी सगळं बरं आहे असं लिहायची, तेही बरं आहे असं लिहायचे.

मग एके दिवशी मोठ्या बाईंनी मला वर्गातून बोलावलं. टेबलावर नवा दाखला होता. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. धर्म, बौद्ध. पुढची रेघ रिकामी. मी शाळेपासून घरापर्यंत पळत गेले. आत्या नुकतीच आली होती. तिनं हात धुतले, पुसले, मग कागद हातात घेतला. "कुठं लिवलंय?" मी दाखवलं. तिनं त्या शब्दावरून दोनदा बोट फिरवलं. "जा आता," ती म्हणाली. "बापाकडं जा."

दाखला गेला. तिकडून बाबांनी तो शाळेत नेला. पण तोवर माझं वय आणि इयत्ता दोन्ही पुढे सरकली होती. मला आता तिथल्या हायस्कुलात जागा हवी होती आणि हिंदुस्थानी मुलींसाठी हायस्कुलात जागा फार थोड्या. शाळेचं पत्र नाही तर परवाना नाही. बाबा वर्षभर खेपा घालत राहिले. शेवटी शाळेनं दिलेलं उत्तर त्यांनी तसंच मला पाठवून दिलं. ते इंग्रजीत होतं. बाईंकडे घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तूच वाच." मी वाचलं, एकही शब्द अडला नाही. जागा नसल्याबद्दल त्यांना खेद होता.

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "मॅट्रिकपर्यंत इंग्रजी मीच शिकवीन तुला," त्या म्हणाल्या. त्यांनी शिकवलंही. हायस्कुलात गेल्यावर रविवारी मी ट्रामनं त्यांच्या गिरगावच्या घरी जायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी आत्या मला शिवाजी पार्कला घेऊन गेली. एवढे दिवे मी आयुष्यात पाहिले नव्हते. लोक एकमेकांना पेढे भरवत होते, आत्याच्या गिरणीतल्या बायका फुगड्या घालत होत्या. मला रडू फुटलं. माझा हात धरून आत्या गर्दीतून बाजूला आली आणि समुद्राच्या अंगाला भिंतीवर बसली. "आईला लिव," ती म्हणाली, "दिवे लई होते म्हणून लिव."

मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं तेव्हा पाकिटात बाबांच्या पत्राबरोबर एक वेगळा कागद होता. भावाबरोबर पाटी घेऊन बसता बसता आई अक्षरं शिकली होती. मोठी, वाकडी, खाली घसरत गेलेली ओळ. "मी बरी आहे. तू पोटभर जेवतेस का."

त्यानंतर करार एकदा वाढला. मग तो देश स्वतंत्र व्हायला आला तशी गोरे साहेब निघाले आणि बाबांची नोकरीही संपली. सगळे परत आले तेव्हा मी मॅट्रिक होऊन नोकरी शोधत होते. बंदरावर भाऊ आधी दिसला, उंच झालेला. तो हमालाशी हिंदीत बोलला, बाबांशी इंग्रजीत, आणि माझ्याशी काय बोलावं ते न सुचून नुसता "ताई" म्हणाला. बाबांचे केस पिकले होते. आई आता माझ्या खांद्याएवढीच दिसत होती. मला वाटत होतं मी पळत जाईन, पण गेले नाही. तीच आली. मला जवळ घेताना कुठे धरावं हे तिला कळेना, इतकी मी वाढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टोव्ह पेटवला, सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून ती थांबली.

"तू साखर किती घेतेस गं?"

आत्या शेजारीच बसली होती. ती सांगायला निघाली होती, पण तिनं माझ्याकडे बघितलं.

"एक चमचा, आई," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि माझ्या कपात साखर घातली.