हिरव्या साडीचे लंगोट

मुलगी झाली तेव्हा मी ठरवून टाकलं, आपल्या घरातून डायपरचा कचरा जाणार नाही. सासूबाई लातूरहून येताना आपल्या जुन्या सुती साड्या घेऊन आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी दोन डझन लंगोट शिवले. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं कापड. रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत मी त्या लंगोटांचं इतकं कौतुक सांगायचे, की मला पाहून बायका लिफ्ट सोडून जिना धरत असाव्यात.

पाणी मात्र एक दिवसाआड यायचं. म्हणून मी आणखी एक शहाणपण केलं. नवरा चाकणला कंपनीत मशीनवर कामाला. त्याचा कंपनीचा ड्रेस आणि बाळाचे कपडे मी एकाच वेळी वॉशिंग मशीनमध्ये टाकायचे. शेवटचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरायचे. स्वतःवर मी फारच खूश होते.

तिसऱ्या महिन्यात मुलीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठलं. लंगोट बदलताना ती कळवळून रडायची. डॉक्टरांनी मलम दिलं, कपड्यांकडे लक्ष द्या म्हणाले. मी लक्ष दिलं ते सासूबाईंच्या साड्यांकडे. ट्रंकेतलं जुनं कापड, डांबरगोळ्यांत राहिलेलं, त्याचाच हा त्रास, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. सगळे लंगोट गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकले आणि नवऱ्याला डायपरचं पाकीट आणायला सांगितलं. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हा मला ते बरंच वाटलं, हे लिहिताना आता लाज वाटते.

मांड्या सुधारल्या, पण चार दिवसांनी पुरळ मानेवर आलं, जिथे झबलं घासतं तिथे. झबली तर मी दुकानातून आणलेली, नवीकोरी. सासूबाईंनी दोरीवरचं एक झबलं काढून नाकाशी धरलं. मग शेजारी वाळत असलेला ड्रेस नाकाशी धरला.

"पोरीच्या कपड्याला कंपनीचा वास यायलाय, बघ," त्या म्हणाल्या.

मी वास घेतला. मशीनच्या तेलाचा, नवऱ्याच्या अंगाला रोज येणारा. लग्नापासून इतका सवयीचा झाला होता, की मला तो जाणवतच नव्हता. डॉक्टरांनाही तेच कारण पटलं.

त्या दिवसापासून बाळाचे कपडे आधी आणि वेगळे, साध्या साबणात, नीट खळबळून, कडक उन्हात. त्यांचं उरलेलं पाणी ड्रेस भिजवायला, उलट कधीच नाही. नवरा शिफ्टवरून आला की आधी अंघोळ, मग मुलगी.

पुरळ गेल्यावर मी माळ्यावरचं गाठोडं काढायला स्टूल लावलं. सासूबाईंनी मला थांबवलं आणि आपल्या पिशवीतून डझनभर नवे लंगोट काढून दिले. हिरवे. कापड मी लगेच ओळखलं. बारशाला माझ्या आईने त्यांना नेसवलेली साडी. त्यांनी ती त्या एकाच दिवशी नेसली होती.

"जुन्यानं त्रास होतो म्हणालीस ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तेव्हाच नवीचे केले. खळ निघावी म्हणून तीनदा धुतलेत."

मी स्टुलावरच बसले आणि रडले. त्यांनी मुलीला उचललं आणि त्यातला एक लंगोट तिला बांधला.