गोड्या पाण्याची भरती

इतक्या मनापासून भिणारा आणि तितक्याच मनापासून हसणारा दुसरा माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि माझ्या हातून सर्वांत मोठी चूक झाली ती नेमकी त्याच्याच बाबतीत. त्याच्या आईच्या मृत्यूची बातमी घेऊन मी आफ्रिकेला गेलो. त्याच्या घरी राहिलो, त्याच्या हातची कोंबडी खाल्ली, त्याने दाखवलेलं सरोवर पाहिलं, धबधबा पाहिला, आणि बातमी तोंडातच ठेवली.

आम्ही दोघे म्हसळ्याचे. एका शाळेत, एका बाकावर. शाळा संपल्यावर तो चुलत्याच्या मागोमाग युगांडात गेला. चुलता वारला तेव्हा सरोवराकाठच्या एका गावातलं कापडाचं दुकान त्याच्या अंगावर पडलं. मी गावातच मास्तर झालो. स्वातंत्र्यानंतर चारपाच वर्षांनी त्याने मला बोटीचं तिकीट पाठवलं आणि कळवलं, ये, तुला पाणी कसं असतं ते दाखवतो. मी निघायच्या आठवड्यातच त्याची आई गेली. मी तिला चाची म्हणत असे. शेवटच्या घटकेला मीही खाटेजवळ होतो. त्याच्या थोरल्या भावाने तार करू दिली नाही. म्हणाला, "मास्तर, तो तिथं एकटा हाय. कागदावर वाचलं तर त्याला धरायला कोण? तू जातोसच, तर जवळ बसून सांग." मी हो म्हटलं. मुंबईपासून मोंबासापर्यंत डेकवर पडून वाक्यं जुळवत राहिलो. पुढे आगगाडीने त्याच्या गावी उतरलो, तर स्टेशनवर त्याने मला मिठी मारली, उचलून गोल फिरवलं आणि विचारलं, "मा कशी हाय?" जुळवलेल्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हटलं, "तुझी सारखी आठवण काढत होती." हे खरंच होतं. खऱ्या वाक्याचा असा खोटा उपयोग करता येतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता त्याच्या वेडाबद्दल. म्हसळ्याची खाडी भरतीला भरली की मचवे धक्क्याला लागतात. ओहोटीला नुसता चिखल. त्यामुळे चांगलं काम भरतीला सुरू करावं आणि माणूस जातो तो ओहोटीला, अशी आमच्याकडे जुनी समजूत. बाकीच्यांनी ती गावात ठेवली, हा ती समुद्रापासून शेकडो मैल आत घेऊन गेला. सकाळी उठला की चांदाची तारीख बोटांवर मोजून म्हसळ्याची भरती काढी, तिथलं आणि इथलं घड्याळ यांतला फरक वजा करी आणि तेवढ्याच वेळात व्यवहार करी. ओहोटीला कुणी गिऱ्हाईक आलं तर त्याला बाकावर बसवून चहा पाजी, पण कापडाच्या ठाणाला हात लावत नसे. दुसऱ्या चहालाही कापड दिसेना तेव्हा वैतागून एका गुजराती व्यापाऱ्याने विचारलं, "शेठ, अहीं दरियो क्यां छे?" हा गंभीरपणे म्हणाला, "दर्या म्हसळ्याला हाय. चहा घ्या."

पण दिवसाची ओहोटी लागली की त्याचं हसणं बंद होई. हातात तसबी घेऊन, दाराकडे पाठ करून तो मण्यांवर मणी ओढत राही. कपाळाला घाम येई. पाणी फिरायची वेळ झाली की उठे, तोंड धुई आणि सांगे, "चला, आजची निभावली. मा सलामत." मग भूक लागल्यासारखा जेवायला बसे आणि मलाही आग्रहाने वाढी. ती कोंबडी गिळताना माझी काय अवस्था होई ते मलाच ठाऊक. तो हसला की मला धडकी भरे, आणि तो गप्प झाला की त्याहून जास्त. उद्या सांगू, असं म्हणत मी रोज झोपायला जाई.

त्यात फिरणं. सरोवर एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. काठावर गेलं की पहिल्यांदा तो ओंजळीने पाणी चाखून बघे. "अजून गोडच हाय," असं जरा नाराजीनेच म्हणे, जणू कुणीतरी मीठ टाकायचं विसरलं आहे. एकदा होडी घेऊन आम्ही एका बेटावर गेलो. त्याने होडी खुंटाला बांधली आणि दोराला ढील दिली, चांगली पाचसहा हात, ओहोटीत होडी लटकायला नको म्हणून. या पाण्याला ओहोटी नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्याने मला सांगितलं की मास्तर माणसाने पाण्याच्या गोष्टीत बोलू नये. परत आलो तर त्या ढिलीवर होडी वाऱ्याने वाहत जाऊन लव्हाळ्यात शिरलेली, आणि तिच्याशेजारी पाण्यातून दोन कान आणि दोन डोळे वर आलेले. पाणघोडा. आम्ही एका झाडाला धरून ऊन उतरेपर्यंत उभे होतो. मी रामरक्षा म्हणत होतो, तो कलमा. मधेच मला वाटलं, मी इथेच मेलो तर बरं, मग सांगावं लागणार नाही. एवढा मी भित्रा. पाणघोडा कंटाळून गेला तेव्हा तो म्हणाला, "बगितलंस? पाणी थोडं तरी उतरलंच आसंल, त्याबिगर तो गेला नसता."

शेवटच्या दोन दिवसांत त्याने मला लॉरीत घालून धबधब्याला नेलं. आख्खी नाईल नदी एका खडकाच्या फटीत शिरते आणि खाली कोसळते. पायाखालची जमीन थरथरत होती. खाली वाळूत मगरी तोंडं उघडून पडलेल्या. सगळे प्रवासी पुढे सरकून बघत होते. हा मात्र माझा सदरा मागून घट्ट धरून उभा. मला ओरडून म्हणाला, "मला हे आवडत नाय. नुसतं जातंय, परत येतंय कुठं?" मग बोटं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. ओहोटीची वेळ झाली होती. आवाजापासून दूर, एका झाडाखाली त्याने रुमाल अंथरला आणि तसबी काढली. मला हाताने जवळ बोलावलं.

"ये, तू पण बस. आज ही पाण्याची जागा वाईट वाटते मला. तू पण माच्या हातचं खाल्लंयस. देवाला सांग, तिला सांभाळ म्हणून."

तेवढं मात्र माझ्याने झालं नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं, चाची मी निघायच्या आधीच गेली.

त्याने तसबी रुमालावर ठेवली. रडला नाही. त्याने एकच विचारलं, "तवा पाणी कुठं होतं?"

खोटं बोलायची इच्छा किती जोरात आली म्हणून सांगू. पण त्या सकाळी धक्क्याला मचवे लागलेले मी खिडकीतून पाहिले होते. "भरती होती," मी म्हटलं. "पुरी."

"म्हंजे मी कापड मापत होतो," तो म्हणाला.

मी पुष्कळ बोललो तेव्हा. भावाने सांगितलं होतं, धीर झाला नाही, तुझं हसणं मोडवेना. ती सगळी कारणं होती, त्यात माफी नव्हती. त्याने ऐकून घेतलं, मला बंदरापर्यंत पोचवलं, वाटेसाठी केळी घेऊन दिली. पण पुढे कित्येक वर्षं त्याचं पत्र भावाला येई, मला नाही.

साठ सालानंतर कधीतरी तो गावी आला. केस पिकलेले, अंग सुटलेलं. माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, चल, माची भेट घेऊन येऊ." कबरस्तानात त्याने कबरीवरची आंब्याची वाळकी पानं हाताने वेचली. मी अखेर म्हटलं, मला माफ कर. त्याने मान हलवली. "माझं काय हाय त्यात? मी ती जिती हाय म्हणून दुआ मागत बसलो. मेलेल्या माणसाला जी दुआ पायजे, ती तिला तितके दिवस मिळाली नाय. माफी माझ्याकडं नको मागू."

मग तो जरा बाजूला जाऊन उभा राहिला. मी चपला काढून मातीवर बसलो. वाक्यं जुळवली नव्हती.

"चाची," मी म्हटलं, "तुझ्या लेकाची दुआ तुला पोचायची होती. मी भ्यालो आणि ती अडवून धरली. चुकलो. माफ कर."