पुडकं येऊन राहिलं

बोबडे सरांशी बोलायचं तर आधी किती बोलणार ते सांगावं लागे. "सर, जरा काम होतं," म्हणत कुणी त्यांच्या टेबलाशी उभं राहिलं की ते मान वर न करता विचारत, "किती वाक्यं?" समोरच्याने तीन म्हटलं की पेन खाली ठेवून तीन वाक्यं मन लावून ऐकत, आणि चौथं सुरू झालं की हात वर करत. "झाले तीन. पुडकं बंद." मग समोर चहावाला असो की संघाचे अध्यक्ष. अध्यक्षांना त्यांनी एकदा मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही पुरतं देऊ दिलं नव्हतं. तारीख कळली होती, पण गाव चौथ्या वाक्यात होतं, त्यामुळे सर लग्नाला गेले नाहीत.

माझी मुलाखतही अशीच झाली. ऐंशीचं दशक उतरणीला लागलेलं. मी सौंसरची, बी. कॉम. झालेली आणि नागपूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा एक छोटा कोर्स केलेली. पांढुर्ण्याच्या संत्रावाल्यांच्या संघाने तीन कॉम्प्युटर घेतले होते आणि ते चालवायला माणूस हवा होता. "स्वतःबद्दल सांग. किती वाक्यं?" सरांनी विचारलं. मी चार म्हटलं आणि घाबरून तिसऱ्यातच आटोपलं. सर माझ्याकडे बघत बसले. मी त्यांच्याकडे. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. शिपाई चहा ठेवून गेला, परत येऊन कप घेऊन गेला, तरी सर तसेच. शेवटी मी म्हटलं, "सर, संपलं." तसे ते खुलले. "हे चौथं. आता बरोबर झालं." मला नोकरी मिळाली, सौंसरहून रोज बसने यायची. जास्त बोलणाऱ्याला हा माणूस तोडतो, पण कमी बोलणाऱ्यासाठी मात्र बसून राहतो, एवढं त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. त्याचा पुढे केवढा घोळ होणार होता ते तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

सर अंगाने काटकुळे आणि आवाजाने खणखणीत. आडनाव बोबडे असून त्यांच्याइतकं स्पष्ट बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि पाहावासा वाटलाही नाही. नम्रपणा त्यांच्या घराण्यातच नसावा. "पांढुर्न्यात कॉम्प्युटर समजनारे दोघंच," ते सांगत, "एक मी, अन दुसरा चहा पेल्यावरचा मी." पुण्याच्या एका कारखान्यातली बरी नोकरी सोडून ते गावी परतले होते. का परतलात म्हणून विचारलं तर म्हणत, "तिथं लोक येतो म्हनते अन खरंच येते. मले करमलंच नाही."

काम असं होतं. संत्र्याचा हंगाम आला की दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीचे डबे स्टेशनात लागत. डबे थोडे, पेट्या फार. ज्याचा माल दिल्लीला गेला त्याचं वर्ष साजरं झालं, ज्याचा राहिला त्याने मऊ पडत चाललेली संत्री मिळेल त्या भावात काढायची. पूर्वी नंबर तोंडी लागत आणि तोंड मोठ्यांचं मोठं असे. म्हणून सरांनी यंत्रं बसवली. मंडीत दोन खिडक्या, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर. एका खिडकीत मी, दुसरीत गुलाब. तिसरा कॉम्प्युटर समोरच्या गोदामावरच्या ऑफिसात, सरांपुढे. तिन्ही एका केबलने जोडलेले. आम्ही खिडकीवरून शेतकऱ्याचं नाव आणि पेट्या पाठवायच्या, वरचा कॉम्प्युटर नंबर पाठवणार. जो आधी आला त्याचा आधी, तो बैलबंडीवाला असो की ट्रॅक्टरवाला.

आम्ही जे पाठवत असू त्याला सर पुडकं म्हणत. "किरान्यावाला बांधते तेच. आधी वरून सांगाचं आत किती अक्षरं आहे, मग अक्षरं पाठवाची." प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता, आणि माणूस आपल्यासारखंच पोर घडवतो तसा तो हुबेहूब सरांसारखा झाला होता. सांगितल्यापेक्षा जास्त अक्षरं आली की तो तोडायचा. कमी आली की उरलेल्यांची वाट बघायचा. वाट बघताना वरच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत आमची भाषा उमटे, 'पुडकं येऊन राहिलं', म्हणजे पुडकं येतंय. सरांना त्या ओळीचा फार अभिमान. कॉम्प्युटरला वऱ्हाडी शिकवणारे आपण पहिले, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आणि पहिल्याच हंगामात यंत्र बसू लागलं. स्क्रीनवर 'पुडकं येऊन राहिलं' एवढंच, आणि पुढे काही नाही. एका पुडक्याची वाट बघत यंत्र असं तल्लीन व्हायचं की माझ्या खिडकीतून पाठवलेलंही ते घेईना. सगळं बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत मंडीत आरडाओरडा, आणि नंबर पुन्हा तोंडी. पहिल्यांदा झालं तेव्हा सरांनी विजेला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा केबल कुरतडणाऱ्या उंदरांना. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, "सर, एक वाक्य. दर वेळी भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर फाटकात शिरला की हे होते."

भाऊसाहेब म्हणजे संघाचे उपाध्यक्ष. बगीचा मोठा आणि सकाळी उठायचा कंटाळा त्याहून मोठा. रांगेत उभं राहणं त्यांच्या कुळात नव्हतं. गुलाब त्यांचा साळा. चुगली करायला मला पुरावा नव्हता, पण माझी खिडकी त्याच्या खिडकीला लागून होती. नाव आणि पेट्या टाइप करून तो पाठवायचं बटण दाबायचा आणि पुडकं अर्धं जातं न जातं तोच आपल्या कॉम्प्युटरचा स्विच बंद करायचा. मग निवांत तंबाखू मळायचा. चोरी नाही, मोडतोड नाही, वरच्या यंत्राला हातही लावायचा नाही. अर्धं बोलून गप्प बसायचं, एवढीच त्याची कारागिरी.

सरांना हे सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. "माहा प्रोग्राम असा बसनार नाही. त्याचं पुडकं येऊनच राहिलं असन. थांबलं पाहिजे." संघाची बैठक झाली तीत भाऊसाहेबांनीच विषय काढला. हे कॉम्प्युटरचे डबे विकून टाका, जुनंच बरं होतं. अध्यक्षांनी ठरवून टाकलं, दिल्लीच्या गाडीच्या दिवशी यंत्र बसलं तर यंत्रं मोडीत, सर घरी आणि नंबर पुन्हा तोंडी. लग्नाला न आल्याचा राग असेलही, पण शब्द शब्द होता. सर बाहेर आले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "तीन वाक्यं," आणि एकही बोलले नाहीत. मला त्यांची फार काळजी वाटली.

सरांचं घर ऑफिसच्या समोरच, मधे फक्त गल्ली. काकू नदीपलीकडच्या सावरगावच्या. पांढुर्ण्याचा नवरा आणि सावरगावची बायको, त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दोन्ही गावांची रीतीप्रमाणे गोटेफेक सुरू झाली की ह्या घरात दोन पक्ष पडत. "वर्षातून एक दिवस आमी रीतसर दुश्मन," सर म्हणत, "बाकीचे दिवस बिनरीतीचे." दुपारी जेवायला काकू मला बोलावून घेत, कारण माझा डबा त्यांना डबा वाटतच नसे. सर ऑफिसच्या खिडकीतून ओरडत, "येऊन राहिलो." एक वाजता कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की काकू मला वाढत, स्वतःला वाढत आणि सरांची थाळी पालथी घालून ठेवत.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आमचं ताक पिऊन होत आलं तेव्हा सर आले आणि पालथ्या थाळीकडे बघून कुरकुरले, "नवऱ्याच्या आधी जेवते ही बाई. सांगितलं होतं न, येऊन राहिलो म्हनून?"

"तुमच्या येऊन राहिलोवर बसली असती तं कवाच मेली असती," काकू म्हणाल्या. "अन ही पोरगीबी मेली असती माह्यासोबत. मी भोंग्यालोग पाह्यते. भोंगा झाला, तुमी नाही, तं तुमी नाही. आले का सुलटी करून घ्या थाळी."

सर मोरीकडे निघाले होते ते मधेच थांबले. "काय म्हनली तू?"

"थाळी सुलटी करून घ्या म्हटलं."

"त्याच्या आधी."

"भोंगा?"

सर हात न धुताच परत ऑफिसात गेले. थाळी त्या दिवशी पालथीच राहिली. मी मागोमाग गेले तर ते स्क्रीनसमोर बसून स्वतःशीच बोलत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "बायको शहानी आहे अन मी गधा आहे. हे वाक्य पुन्हा भेटनार नाही, ऐकून घे."

त्यांनी प्रोग्रामात भोंगा घातला. अर्धं पुडकं आलं आणि ठरल्या वेळात उरलेलं नाही आलं, तर ते फेकायचं आणि पुढच्या खिडकीचं घ्यायचं. हात घातलाच होता म्हणून बाकीच्याही भानगडी निस्तरल्या. पेट्यांच्या जागी आकडा नसून अक्षरं आली, फेका. नाव मावत नाही, फेका. "पुडक्यासंग वाद नाही घालाचा," सर शिकवत होते, "त्याले समजावत बसलं तं तेवढा वेळ बाकीचे ताटकळते." फेकलेल्या पुडक्याच्या खिडकीवर ओळ यायची, 'बोबडं बोलू नको'. लोक तुमच्या आडनावाला हसतील, मी म्हटलं. "हसू दे. सही आहे ते माही."

दिल्लीच्या गाडीच्या दिवशी मंडीत पहाटेपासून बंड्या लागल्या होत्या. माणसं पेट्यांवर बसून माझ्या खिडकीकडे बघत होती. ऊन चढल्यावर भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर आला आणि रांगेच्या बाजूने सरळ गुलाबच्या खिडकीशी लागला. गुलाबने दोन अक्षरं बडवली आणि खटकन स्विच बंद केला. मी माझ्या समोरच्या म्हाताऱ्याचं नाव पाठवलं. काही झालं नाही. मग, भोंगा वाजायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि स्क्रीनवर नंबर आला. त्याच्या मागच्याचाही आला. गुलाबने तंबाखू तोंडात टाकली होती, ती चघळायचं तो विसरला. त्याने पुन्हा यंत्र चालू केलं, पुन्हा अर्ध्यात बंद केलं. नावाच्या जागी बोटांना येईल ते हाणलं, पेट्यांच्या जागी 'बहुत' लिहिलं. त्याच्या खिडकीवर 'बोबडं बोलू नको', आणि माझ्या खिडकीवर नंबर. त्याच्या रांगेतली माणसं एकेक करून माझ्याकडे वळली. भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर मात्र आपल्या हक्काच्या खिडकीशी अडून होता, आणि ती खिडकी त्यांच्याच साळ्याने बंद पाडलेली होती. शेवटी ड्रायव्हर रांगेच्या टोकाला गेला. डबे भरले तेव्हा त्याच्यापुढे अजून बऱ्याच बंड्या होत्या.

भाऊसाहेब तणतणत ऑफिसात चढले. "बोबडे, हे काय चालू आहे, माहा माल..."

"किती वाक्यं, भाऊसाहेब?" सरांनी विचारलं.

भाऊसाहेबांना आकडा सांगता आला नाही. यंत्रं राहिली, सर राहिले.

गुलाबचं नाव अध्यक्षांना सांगावं म्हणून मी मागे लागले होते. सर म्हणाले, "गोटा कोनी मारला पाहाले मान वर करशीन तं दुसरा बसन. आपन आपलं डोकं सांभाळावं." मला पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही, आणि हे मी त्यांना त्यांच्या तोंडावर एका वाक्यात सांगितलं होतं.

पुढच्या हंगामाच्या आधी सरांची छाती दुखू लागली. नागपूरला ऑपरेशन ठरलं. तिथल्या डॉक्टरलाही त्यांनी आधी वाक्यं विचारली म्हणे. ऑपरेशनमधून ते आलेच नाहीत. मी आयुष्यात बऱ्याच माणसांचं ऐकलं, पण इतकं नेमकं ऐकणारा माणूस गेल्यावर आपण कुणाशी बोलावं हेच मला काही दिवस कळेना.

तेरवीनंतर एका दुपारी काकूंकडे गेले. समोर ऑफिसची खिडकी लावलेली होती. काकूंनी स्वयंपाक केला होता. तीन थाळ्या मांडल्या होत्या, तिन्ही सुलट्या. आम्ही थाळ्यांशी बसलो. भोंगा झाला. मी सवयीने सरांच्या थाळीकडे पाहिलं. काकूंनी ती पालथी घातली नाही.

"ऑपरेशनले आत नेताना हे म्हने, दोन गोष्टी सांगतो," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, सांगा. एक सांगितली, येऊन राहिलो. दुसरी सांगाच्या आधी नेलं त्यायले."

मी तांब्यातून पेल्यांत पाणी ओतलं.

"जिंदगीभर तं नाही थांबली मी त्या मानसासाठी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एक बार पाहू थांबून."

मग त्यांनी माझ्या थाळीत भाकर वाढली. "तू जेवून घे. तुले बस आहे."